रजिस्टरांची सर्वनामे: अजित प्रोसेसर आणि दोषशोधकाचे अनुकूलन

१. विषयप्रवेश

संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु आज जगात जे प्रोसेसर वापरात आहेत त्यांतील बहुसंख्यांना पडदाही नसतो आणि कळफलकही नसतो. ते दुसऱ्याच एखाद्या यंत्राच्या पोटात बसवलेले असतात आणि एकच नेमून दिलेले काम अहोरात्र करीत राहतात. अशांना एम्बेडेड प्रोसेसर म्हणतात. त्यांची उदाहरणे शोधण्यासाठी जालना जिल्ह्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. रोलिंग मिलमधील भट्टीचे नियंत्रण, अडतीवरील इलेक्ट्रॉनिक काटा, मोसंबीच्या बागेतील ठिबक संचाचा नियंत्रक, या सर्वांच्या मुळाशी अशी एखादी चीप असते.

हे यंत्र चुकू लागले म्हणजे त्याला प्रश्न कोणत्या भाषेत विचारावयाचे, आणि त्याने दिलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न विचारण्याच्या साधनास डिबगर म्हणतात. येथे त्यास दोषशोधक असे म्हटले आहे. दोषशोधकाच्या अनुकूलनाकडे, म्हणजे आपल्या कामापुरत्या नव्या आज्ञा त्यास शिकविण्याकडे, सामान्यतः बोटांचे श्रम वाचविणारी सोय म्हणून पाहिले जाते. ती समजूत अपुरी आहे असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. अनुकूलन ही मुख्यतः अर्थनिर्णयाची क्रिया आहे, आणि म्हणूनच भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही तीत काही सांगण्यासारखे आढळते.

लिपीसंबंधी एक खुलासा. दोषशोधकाच्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावयाच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत. प्रोसेसर ज्या पाळतो त्यांस 'सूचना' आणि दोषशोधकास आपण ज्या देतो त्यांस 'आज्ञा' असा भेद सर्वत्र पाळला आहे.

२. एक कल्पित उदाहरण

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पू. अंबड तालुक्यातील एका मोसंबीच्या बागेत ठिबकचा नियंत्रक बसविला आहे. जमिनीतील ओलावा मोजावयाचा, त्याची सरासरी काढावयाची, ठरविलेल्या मर्यादेशी ती ताडून पाहावयाची आणि त्याप्रमाणे पाण्याचा व्हॉल्व्ह उघडावयाचा अथवा बंद ठेवावयाचा, एवढेच त्याचे काम. आंबे बहारासाठी बाग ताणावर सोडली आहे. या काळात झाडांना पाणी मिळता कामा नये. असे असता पाचसहा दिवसांतून एकदा हा नियंत्रक कोणतेही कारण नसताना व्हॉल्व्ह उघडतो. ताण मोडला की बहार हातचा जातो आणि शेतकऱ्याचे त्या हंगामाचे उत्पन्न बुडते. तेव्हा दोष कोठे आहे हे नुसते अजमावून चालणार नाही. तो नेमका दाखविता आला पाहिजे.

या नियंत्रकात 'अजित' प्रोसेसर आहे असे धरून चालू. अजित हा बत्तीस बिटांचा प्रोसेसर पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक माधव देसाई व त्यांचे सहकारी यांनी घडविला, आणि २०१९ मध्ये त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. त्याची चीप चंदीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर पद्धतीने तयार करण्यात आली. त्याची रचना 'स्पार्क, आवृत्ती ८' या खुल्या विनिर्देशाबरहुकूम आहे. बाहेरून प्रोसेसर थांबवून त्याची स्थिती पाहता यावी यासाठी हार्डवेअर दोषशोधकाचा एक विभागही त्यात ठेवलेला आहे. महाराष्ट्रात घडलेला प्रोसेसर म्हणून तर तो निवडला आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे की स्पार्क रचनेत रजिस्टरांना नावे देण्याची जी पद्धत आहे, ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडते.

३. नावे जी फिरतात

रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेला लहानसा कप्पा. त्यात एका वेळी एक संख्या मावते. स्पार्कच्या कोणत्याही उपक्रमाला, म्हणजे मोठ्या प्रोग्रामच्या एखाद्या स्वतंत्र भागाला, एका वेळी बत्तीस रजिस्टरे दिसतात. त्यांतील आठ 'ग्लोबल' होत. ती सर्वांना सामाईक असून त्यांतील पहिल्याचे मूल्य नेहमी शून्य असते. उरलेल्या चोवीसांचे आठ-आठांचे तीन गट आहेत: 'इन', 'लोकल' आणि 'आउट'. बोलावणाऱ्याकडून आलेली मूल्ये 'इन'मध्ये, स्वतःची 'लोकल'मध्ये, आणि ज्याला पुढे बोलवावयाचे त्याच्यासाठीची 'आउट'मध्ये.

या चोवीसांच्या समूहाला 'खिडकी' म्हणतात. प्रत्यक्ष चीपवर अशा अनेक खिडक्या वर्तुळाकार मांडलेल्या असतात. विनिर्देशाप्रमाणे त्यांची संख्या दोनपासून बत्तीसपर्यंत असू शकते. आठ ही नेहमी आढळणारी संख्या. शेजारच्या दोन खिडक्यांत आठ रजिस्टरे सामाईक असतात. एक उपक्रम दुसऱ्यास बोलावतो आणि बोलावलेला 'सेव्ह' ही सूचना पाळतो तेव्हा खिडकी एका घराने सरकते, आणि पहिल्याचे जे 'आउट' तेच दुसऱ्याचे 'इन' होते. कप्पा तोच, मूल्य तेच. नाव मात्र बदलले.

भाषेच्या अभ्यासकाला ही व्यवस्था ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. 'मी' आणि 'तू' यांचे असेच असते. बोलणारा ज्याला 'तू' म्हणतो तोच, बोलण्याची पाळी आली की, स्वतःस 'मी' म्हणतो. व्यक्ती बदलत नाही. बोलण्याचे केंद्र बदलते. येस्पर्सन यांनी १९२२ मध्ये अशा शब्दांना 'शिफ्टर' असे नाव दिले आणि रोमान याकोब्सन यांनी १९५७ मध्ये त्या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. शिफ्टरचा अर्थ कळण्यास कोश पुरत नाही. कोण, कोठे, केव्हा बोलत आहे हे ठाऊक असावे लागते. एखाद्या चिठ्ठीत 'मी उद्या येथे येतो' एवढेच लिहिलेले असावे आणि तीवर नाव, तारीख, ठिकाण यांपैकी काहीही नसावे, म्हणजे तिचा जसा उपयोग, तसाच 'आउट-शून्यात १७ आहे' या नुसत्या वाक्याचा. कोणत्या खिडकीतील आउट-शून्य?

सर्वच उपक्रम खिडकी सरकवीत नाहीत, हेही ध्यानात ठेवावयास हवे. ज्याला पुढे कोणाला बोलवावयाचे नसते असा लहानसा उपक्रम पुष्कळदा बोलावणाऱ्याच्याच खिडकीत आपले काम उरकतो. त्यामुळे परतीचा पत्ता कधी 'इन-सात'मध्ये असतो, तर कधी 'आउट-सात'मध्ये.

४. दोषशोधकाची मूळ भाषा

येथे ज्या दोषशोधकाचा विचार केला आहे तो म्हणजे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये तो लिहिला आणि पुढे अनेकांनी वाढविला. त्याच्याशी व्यवहार आज्ञा टंकित करूनच होतो. एम्बेडेड कामात तो स्वतः आपल्या टेबलावरील संगणकावर चालतो, तपासावयाचा प्रोसेसर मात्र दूर असतो. 'टार्गेट रिमोट' या आज्ञेने दोहोंची गाठ घालून दिली जाते. नंतर दोघांत जे संभाषण चालते त्याची शब्दसंपत्ती अगदी तुटपुंजी असते. 'जी' या एका अक्षराचा अर्थ सर्व रजिस्टरे कळवा; 'एम', पत्ता व लांबी यांचा अर्थ मेमरीतील तेवढा भाग कळवा; 'एस' म्हणजे एक पाऊल पुढे; 'सी' म्हणजे चालू द्या. प्रत्येक निरोपाच्या शेवटी अक्षरांच्या बेरजेवरून काढलेली दोन अंकांची खूण जोडतात, म्हणजे वाटेत बिघडलेला निरोप ओळखू येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. दूरच्या टोकाकडून येतात त्या निव्वळ संख्या. त्यांना नाव, रूप आणि संदर्भ देण्याचे सर्व काम अलीकडच्या टोकाला होते. हे काम जीडीबी सर्व प्रोसेसरांना पुरेल अशा बेताने करतो. आपल्या यंत्राचे विशेष त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. अनुकूलनाला वाव मिळतो तो येथेच.

५. एका संख्येचे वाचन

आपल्या बागेतील नियंत्रक व्हॉल्व्ह उघडण्याच्या क्षणी थांबविला आणि 'पीएसआर' या स्थितिदर्शक रजिस्टरात षोडशमान पद्धतीने ००४०१५८३ ही संख्या आढळली असे समजू. अलीकडच्या आवृत्त्यांत जीडीबी या रजिस्टरातील काही एकेरी बिटांना नावाने ओळखतो. परंतु अनेक बिटांनी मिळून होणारी मूल्ये तो सुट्या बिटांच्या क्रमांकांनी दाखवितो. म्हणजे वाक्यातील काही शब्द उलगडले, काही अक्षरशः सुटे ठेवले, असा प्रकार होतो.

'डिफाइन' या आज्ञेने आपण एक नवी आज्ञा घडवू. तिने करावयाचे ते एवढेच: संख्येतील शेवटची पाच बिटे ३१ शी बिटवार जुळवून वेगळी काढावयाची, हा चालू खिडकीचा क्रमांक, आठ स्थाने उजवीकडे सरकवून चार बिटे घ्यावयाची, ही अडथळ्यांची, म्हणजे इंटरप्टची, पातळी, सातवे, सहावे व पाचवे बिट स्वतंत्रपणे वाचावयाचे, आणि 'प्रिंटएफ'ने ते ओळीने मांडावयाचे. आता त्याच संख्येचे वाचन असे मिळते:

चालू खिडकी: ३
इंटरप्टची पातळी: ५
सध्याचा अधिकार: पर्यवेक्षकाचा
आधीचा अधिकार: सामान्य प्रोग्रामचा
ट्रॅप: बंद

ट्रॅप म्हणजे चालू काम मध्येच सोडून प्रोसेसरने ठरलेल्या हाताळणीकडे वळणे. वरील पाच ओळी एकत्र वाचल्या की कथा दिसू लागते. सामान्य प्रोग्राम चालू असता ट्रॅप झाला आहे, आपण त्याच्या हाताळणीत उभे आहोत, आणि नव्या ट्रॅपांना अद्याप दार उघडलेले नाही. या अवस्थेत सूचनेमुळे उद्भवणारा दुसरा ट्रॅप झालाच तर स्पार्क प्रोसेसर त्रुटि-अवस्थेत जाऊन थांबतो. ट्रॅप कोणता, हे 'टीबीआर' या रजिस्टरातील चौथ्या ते अकराव्या बिटांत लिहिलेले असते. तेथे ५ ही संख्या आढळली तर तो 'विंडो ओव्हरफ्लो', म्हणजे खिडक्या संपल्याचा ट्रॅप होय. आपल्या नव्या आज्ञेने ही संख्याही नावात रूपांतरित करावी हे उघड आहे.

पाणिनीने व्याकरणाच्या आरंभी 'वृद्धि' या शब्दाला आ, ऐ, औ या तीन स्वरांपुरता पारिभाषिक अर्थ दिला. त्यामुळे पुढील सूत्रांचा विस्तार टळला हे खरेच. पण त्याबरोबर हे तीन स्वर एका वर्गाचे आहेत हे निरीक्षणही त्या संज्ञेत साठविले गेले. दोषशोधकाची नवी आज्ञा ही अशीच संज्ञा असते. कोणती बिटे एकत्र वाचली असता अर्थ निघतो, हा निर्णय तीत साठविलेला असतो.

६. खोटी वंशावळ

आता मुख्य अडचणीकडे वळू. या उपक्रमाला कोणी बोलावले, त्याला कोणी, त्याच्याही आधी कोणी, अशी वंशावळ 'बॅकट्रेस' या आज्ञेने मिळते. दोष शोधणारा बहुधा सर्वांत आधी तिच्याकडेच धाव घेतो. स्पार्कच्या बाबतीत ही वंशावळ दोन ठिकाणी खोटी ठरू शकते.

पहिले ठिकाण ट्रॅपचे. सामान्य उपक्रमात परतीचा पत्ता इन-सात किंवा आउट-सातमध्ये असतो आणि जीडीबी तेथेच तो पाहतो. ट्रॅप झाला असता मात्र प्रोसेसर स्वतः खिडकी एका घराने सरकवितो आणि थांबलेल्या जागेचा पत्ता नव्या खिडकीतील लोकल-एकमध्ये व त्यापुढील सूचनेचा पत्ता लोकल-दोनमध्ये ठेवतो. नेहमीच्या जागी त्या वेळी जे काही असेल तो पत्ता समजून वाचले, तर हाताळणीला भलत्याच उपक्रमाने बोलावले असे दिसू लागते.

दुसरे ठिकाण अधिक गूढ आहे. खिडक्या मोजक्याच असल्यामुळे उपक्रमांची साखळी लांबली की सर्वांत जुन्या खिडकीतील सोळा रजिस्टरे, म्हणजे चौसष्ट बाइट, मेमरीतील स्टॅकवर उतरवून ठेवावी लागतात. हे काम ओव्हरफ्लोची हाताळणी करते. जीडीबी सर्वांत आतल्या उपक्रमाची रजिस्टरे प्रोसेसरकडून घेतो. पण त्याच्या पूर्वजांची 'इन' आणि 'लोकल' रजिस्टरे स्टॅकवर उतरविलेली आहेत असे धरून ती मेमरीतून वाचतो. म्हणून पहिल्या बोलावणाऱ्याचा पत्ता जिवंत रजिस्टरातून आलेला असतो, आणि दुसऱ्यापासून पुढची सारी वंशावळ मेमरीच्या भरवशावर असते. प्रोसेसर बाहेरून एकाएकी थांबविला आणि थांबविणाऱ्या व्यवस्थेने खिडक्या स्टॅकवर उतरवून दिल्या नाहीत, तर त्या जागी मागील कोणत्या तरी कामाचे अवशेष असतात. दोषशोधक ते अवशेष तितक्याच ठामपणे वाचून दाखवितो.

आपल्या उदाहरणातील दोष असा असू शकेल: ओव्हरफ्लोच्या हाताळणीत एक चूक राहिल्यामुळे, साखळी नेमकी एका ठराविक खोलीस पोचली की ओलाव्याची मर्यादा ज्या लोकल रजिस्टरात होती ते परत भरताना चुकीचे मूल्य येते. मर्यादा बदलली की जमीन कोरडी ठरते आणि व्हॉल्व्ह उघडतो. मूळ वंशावळ वाचणारा मनुष्य ओलावा मोजणाऱ्या उपक्रमावर ठपका ठेवील, संवेदक बदलील, आणि पाचसहा दिवसांनी पाणी पुन्हा सुटेल.

यावर उपाय म्हणजे वंशावळीची आपली स्वतंत्र आज्ञा. चालू खिडकीचा क्रमांक घ्यावा. त्यात एक मिळवून खिडक्यांच्या एकूण संख्येने भागावे आणि बाकी घ्यावी, म्हणजे बोलावणाऱ्याची खिडकी मिळते. आपण तिसऱ्या खिडकीत आहोत, तेव्हा ज्याचे काम मध्येच तुटले तो उपक्रम चौथीत आहे. 'डब्ल्यूआयएम' या रजिस्टरात कोणती खिडकी निषिद्ध आहे याची खूण असते. आपल्या प्रसंगी, ट्रॅपच्या अगदी प्रारंभी, तिचे मूल्य ८ असेल, म्हणजे तिसरे बिट. त्यावरून निषिद्ध खिडकीच्या अलीकडील पूर्वज अजून प्रोसेसरमध्ये आहेत आणि पलीकडील मेमरीत गेले आहेत हे ठरविता येते. आपल्या आज्ञेने प्रत्येक पूर्वजापुढे 'प्रोसेसरमधून' किंवा 'मेमरीतून' असे लिहावे. आणि दूरच्या टोकाची व्यवस्था इतर खिडक्या वाचू देत नसेल तर तेथे 'अनिश्चित' असे लिहून थांबावे. खिडक्यांची संख्या आज्ञेत गाडून न टाकता एका सोयीच्या चलात ठेवावी, म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी ती बदलता येते. २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून जीडीबीत पायथन भाषेची सोय झाली. नंतरच्या आवृत्त्यांत वंशावळ उलगडण्याची पद्धतच पायथनमध्ये लिहून देता येते, आणि मग नेहमीची 'बॅकट्रेस' आज्ञाही तीच पद्धत वापरते.

७. काही पथ्ये

नव्या आज्ञा प्रकल्पाच्या आरंभिक फाइलीत ठेवल्या म्हणजे दोषशोधक सुरू होताच त्या उपलब्ध होतात. कोणत्याही निर्देशिकेतील अशी फाइल जीडीबी आपोआप स्वीकारीत नाही. ती जागा विश्वासार्ह असल्याचे आधी सांगावे लागते. हे बंधन योग्यच आहे, कारण या फाइलीतील आज्ञा यंत्रावर वाटेल ते करू शकतात.

'हुक-स्टॉप' या नावाने घडविलेली आज्ञा प्रोसेसर थांबताच प्रत्येक वेळी आपोआप चालते. स्पार्कमध्ये उडीच्या सूचनेनंतरची एक सूचना सामान्यतः उडीपूर्वीच पार पडते आणि त्यासाठी दोन सूचनापत्ते जवळ बाळगलेले असतात. तेव्हा थांबताच 'पीसी' आणि 'एनपीसी' या दोहोंच्या जागच्या सूचना दाखविणे उपयुक्त ठरते. मात्र एकेक पाऊल टाकतानाही ही आज्ञा दर वेळी चालत असल्याने, जोडणी मंद असेल तर तीत पसारा मांडू नये.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य वाचनासंबंधी आहे. एम्बेडेड यंत्रात काही पत्ते मेमरीचे नसून उपकरणांचे असतात, आणि तेथे वाचणे ही निरुपद्रवी क्रिया नसते. अनुक्रमिक जोडणीचे आलेले अक्षर ज्या पत्त्यावर मिळते तो दोषशोधकाने वाचला की ते अक्षर रांगेतून निघून जाते आणि प्रोग्रामला ते कधीच मिळत नाही. क्षेत्रीय भाषाभ्यासात माहिती देणाऱ्यास सुचक प्रश्न विचारला की उत्तर आपल्याच प्रश्नाचा पडसाद होऊन येते. येथेही शोधणाराच दोषाचे कारण बनतो. यासाठी जीडीबीत 'मेम' ही आज्ञा आहे. तिने मेमरीचे कोणते पट्टे वाचनापुरते, कोणते लेखनापुरते आणि किती रुंदीने हाताळावयाचे हे ठरविता येते. उपकरणांचे पत्ते आपोआप चालणाऱ्या आज्ञेत घालूच नयेत.

८. साहाय्याचा मजकूर

'डॉक्युमेंट' या आज्ञेने आपल्या प्रत्येक नव्या आज्ञेला साहाय्याचा मजकूर जोडता येतो. आज्ञेचे नाव रोमन लिपीत ठेवावे लागले तरी हा मजकूर मराठीत लिहिण्यास अडचण नाही. टर्मिनलला नागरी दाखविता आली म्हणजे झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा भाग टाळू नये. आज्ञा काय दाखविते, कोणत्या गृहीतावर दाखविते आणि कोणत्या प्रसंगी तिचे उत्तर ग्राह्य धरू नये, या तीन गोष्टी तीन वाक्यांत लिहिता येत नसतील, तर त्या आज्ञेचा अर्थ तिच्या कर्त्यालाच पुरता उमगलेला नाही असे समजावे.

सारांश, दोषशोधक संख्या आणून देतो, पण त्या कोणाच्या तोंडच्या आहेत हे सांगण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची असते. फिरत्या नावांच्या प्रोसेसरवर ही जबाबदारी विशेष जाणवते, इतकेच. इतरत्र ती नसते असे नाही. विभागातील ज्या विद्यार्थ्यांना या विषयात गती आहे त्यांनी आरंभी पीएसआर आणि टीबीआर यांच्या वाचनाच्या दोन आज्ञा लिहाव्यात, नंतर वंशावळीच्या आज्ञेस हात घालावा, आणि तिच्या उत्तरांत 'अनिश्चित' हा शब्द योग्य जागी येतो की नाही हे मुद्दाम साखळी लांबवून पडताळून पाहावे.